कमळातला ‘क’ आणि ‘ढ’ची चाळणी

“कमळ. आता यातला ‘क’ काढून टाक. काय उरलं?”

पहिलीतली मुलगी. ती माझ्याकडे बघते, मग मागच्या बाकावरच्या मैत्रिणीकडे बघते, आणि तोंडावर हात ठेवून हसते. दहा सेकंद गेले. नियमाप्रमाणे मी रकान्यात शून्य लिहिलं आणि पुढचा शब्द घेतला. मधल्या सुट्टीत तिच्या बाई म्हणाल्या, “अहो, तिला येत होतं की. ‘मळ’ म्हणायला लाजली ती.”

तेव्हापासून डिस्लेक्सियाच्या चाळणी-चाचणीवरचा कोणताही पेपर हातात आला की मी आधी निष्कर्ष बघत नाही. तिथे शून्य कोणी लिहिलं, कशासाठी लिहिलं आणि लिहिल्यावर त्या मुलाचं काय झालं, हे शोधते. आज त्याच नजरेने आपल्याकडच्या एका महत्त्वाच्या कामाकडे बघायचं आहे. तुमच्यातले बरेच जण पीएच.डी.साठी ‘अमुक साधनाचा विकास आणि प्रमाणीकरण’ अशा धर्तीचा विषय घेण्याच्या विचारात असतात, म्हणून हा लेख जरा सविस्तर.

आधी थोडं मूलभूत. डिस्लेक्सिया म्हणजे बुद्धी ठीक, डोळे-कान ठीक, शिकवणंही मिळालेलं, तरी शब्द अचूक आणि सहज वाचता न येणं. त्याचं निदान मानसशास्त्रज्ञ करतात, त्याला वेळ आणि पैसा लागतो. सगळ्या शाळेचं निदान करणं शक्य नाही, म्हणून आधी चाळणी. गहू चाळताना आपण काय करतो? संशयास्पद माल वेगळा काढतो. त्यातला खडा कोणता आणि जाड दाणा कोणता हे नंतर हाताने निवडतो. चाळणं वेगळं, निवडणं वेगळं. कागदावर सगळे हे मान्य करतात. शाळेत मात्र चाळणीत अडकलेल्या मुलाला त्याच दिवशी ‘ढ’ म्हटलं जातं. (ब्राह्मीपासून आजवर ‘ढ’चा आकार फारसा बदललाच नाही, म्हणून न सुधारणाऱ्याला ‘ढ’ म्हणतात, असं सांगतात. एका अक्षरावर केवढा अन्याय!)

आता ते काम. हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी सिंग यांच्या गटाने ‘डाली’ हा संच तयार केला. नावाचा अर्थ भारतीय भाषांसाठी डिस्लेक्सिया मूल्यमापन. हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा चार भाषा. त्यात दोन थर आहेत. शिक्षकांसाठी चाळणी, तीही दोन वयोगटांची: पहिली-दुसरीसाठी एक, तिसरी ते पाचवीसाठी दुसरी. आणि मानसशास्त्रज्ञांसाठी सविस्तर चाचणीसंच. या सविस्तर संचावरचा पेपर २०२१ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ डिस्लेक्सिया’ या नियतकालिकात आला.

या कामाचं मोल कमी लेखू नका. त्याआधी आपल्याकडे सर्रास काय चालायचं? विलायती चाचणी घ्यायची, भाषांतर करायची, परदेशी मुलांच्या सरासरीशी आपली मुलं ताडून बघायची. या गटाने प्रत्येक भाषेत स्वतंत्र शब्द निवडले, इयत्तेप्रमाणे भारतीय मुलांचे निकष काढले, आणि एक गोष्ट ठासून मांडली: आपलं मूल दोन लिप्या एकदम शिकतं, तेव्हा त्याला एकाच भाषेत तपासून निकाल देऊ नका. महाराष्ट्रात मराठी माध्यमातही २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. फक्त इंग्रजीत अडणारं मूल आणि दोन्हीकडे अडणारं मूल यांच्यात फरक करायलाच हवा. हा मुद्दा इतका उघड वाटतो की तो आधी कोणी का मांडला नाही असं वाटावं. चांगल्या संशोधनाचं हे लक्षणच असतं.

माझी तक्रार पहिल्या थराबद्दल आहे, आणि ती एकट्या डालीपुरती नाही. लहान मुलांसाठीची बहुतेक शिक्षक-प्रश्नावली याच जागी अडखळते.

प्रश्नावली शिक्षक भरतात. म्हणजे उत्तर मूल देत नाही, मुलाबद्दलचं शिक्षकाचं मत उत्तर देतं. या दोन गोष्टी किती लांब जाऊ शकतात हे अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या एका अभ्यासाने १९९० मध्येच दाखवलं होतं. सॅली शेविट्झ आणि सहकाऱ्यांनी सुमारे चारशे मुलं बालवाडीपासून धरली आणि शाळेचा निर्णय व स्वतःच्या चाचण्या शेजारी-शेजारी ठेवल्या. दुसरीत शाळेने ज्यांना वाचन-अक्षम ठरवलं होतं ते मुलगे १३.६ टक्के, मुली ३.२ टक्के. संशोधकांच्या चाचण्यांत तेच आकडे ८.७ आणि ६.९. म्हणजे मुलींचा त्रास खरा होता, दिसत नव्हता. शिक्षकांच्या नजरेत भरतो तो दंगा करणारा, खिडकीबाहेर बघणारा, शेजाऱ्याची पेन्सिल पळवणारा मुलगा. गप्प बसून फळ्यावरचं चित्रासारखं उतरवून काढणारी मुलगी नाही. माझी ती कमळवाली विद्यार्थिनी तरी हसली. न हसता बसणाऱ्या किती असतील?

शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. दोन शिक्षक आणि चार इयत्ता अशा शाळेत एका मुलाबद्दल ‘कधीच नाही, कधीकधी, नेहमी’ असं सांगायचं म्हणजे आठवणीवर फार मोठा भार आहे. शिवाय निकाल माणसाच्या हातात असला की हात हलतो. इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिलीतल्या मुलांची ध्वनी-वाचन तपासणी होते. चाळीस शब्द, निम्मे खरे, निम्मे बनावट, गुण मुलांचे स्वतःचे शिक्षक देतात. पहिल्या दोन वर्षांत ३२ ही उत्तीर्णरेषा आधीच माहीत होती. गुणांचा आलेख काढल्यावर काय दिसलं? ३१ वर खड्डा आणि ३२ वर सुळका. काठावरच्या मुलाला शिक्षकांनी ढकलून पार केलं होतं. २०१४ मध्ये रेषा तपासणी झाल्यावरच जाहीर केली. गुण देणारे सगळे प्रेमळ होते यात मला शंका नाही, पण मोजमाप बिघडायचं ते बिघडलंच.

दुसरी गोष्ट आकड्यांची. ही नीट बघा, कारण व्हायव्हात हमखास विचारतात.

समजा एका चाळणीची संवेदनशीलता ८० टक्के आणि विशिष्टता ८५ टक्के आहे. म्हणजे खरोखर अडचण असलेल्या शंभरातल्या ८० जणांना ती पकडते, आणि अडचण नसलेल्या शंभरातल्या ८५ जणांना सोडून देते. पेपरात साधारण काय करतात? दवाखान्यातून निदान झालेली शंभर मुलं घेतात आणि शाळेतून ‘चांगली वाचणारी’ शंभर. चाळणीत ८० खरी आणि १५ खोटी अडकली. अडकलेल्या ९५ पैकी ८० खरी, म्हणजे ८४ टक्के. टाळ्या! आता तीच चाळणी हजार मुलांच्या शाळेत न्या, जिथे समजा दहा टक्क्यांना अडचण आहे. शंभरापैकी ८० पकडली. उरलेल्या नऊशेंपैकी १५ टक्के म्हणजे १३५ उगाच अडकली. एकूण २१५ अडकली, खरी ८०. सदतीस टक्के. म्हणजे ज्या पालकांना शाळेत बोलावलं त्यांतल्या दर तिघांपैकी जवळजवळ दोघांना विनाकारण बोलावलं. आणि २० मुलं चाळणीतून खाली पडली ती वेगळीच. चाळणीची गुणवत्ता तीच राहिली, फक्त माल बदलला.

आणि प्रत्यक्षात गोष्ट याहूनही वाईट असते. कारण दवाखान्यात पोचलेलं मूल ठळक अडचणीचं असतं आणि ‘चांगलं वाचणारं’ निवडून घेतलेलं असतं. मधली सगळी मुलं, थोडी मागे असलेली, गैरहजर राहणारी, घरी वेगळी भाषा बोलणारी, नमुन्यातून वगळलेली असतात. शाळेत गर्दी नेमकी त्यांचीच. त्यामुळे पेपरातले ८० आणि ८५ हे आकडेही शाळेत टिकत नाहीत. तुम्ही पेपर वाचताना सारांशातले टक्के बाजूला ठेवा आणि नमुना कसा निवडला तो परिच्छेद आधी वाचा. मुलं सलग वर्गातून घेतली की दोन टोकांवरून वेचली? बहुतेक वेळा तिथेच सगळं कळतं.

दहा टक्के हा आकडा मी हिशेबासाठी घेतला, पण तो हवेतला नाही. बेळगावच्या शाळांत तिसरी-चौथीच्या मुलांची टप्प्याटप्प्याने चाळणी करून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डिस्लेक्सियाचं प्रमाण ११.२ टक्के निघालं होतं. पण हे प्रमाणही शेवटी चाळणी आणि रेषा कुठे ओढली यावर अवलंबून असतं. त्याला अंतिम सत्य समजून प्रबंधाच्या पहिल्या पानावर टाकू नका.

जाता जाता एक जोडून देते. ‘आमच्या साधनाचा क्रॉनबाख अल्फा ०.९३ आहे’ या वाक्याने भारावून जाऊ नका. ‘वाचताना अडखळतो का’, ‘मोठ्याने वाचायला टाळतो का’, ‘वाचताना शब्द गाळतो का’ असे एकाच वळणाचे पंधरा प्रश्न एकाच बाईंना एकाच बैठकीत विचारले तर अल्फा वर जाणारच. प्रश्न एकमेकांसारखे आहेत एवढंच त्याने कळतं. ते डिस्लेक्सियाबद्दल आहेत की बाईंच्या त्या मुलावरच्या रागाबद्दल, हे अल्फाला कळत नाही.

आता मला सगळ्यात जास्त छळणारा भाग, म्हणजे मराठी.

आपल्याकडे पदव्युत्तर प्रबंधांत अजूनही अशा याद्या दिसतात: ‘अक्षरं उलटी लिहितो का?’ हा प्रश्न थेट इंग्रजीतून आला. तिथे ‘बी’ आणि ‘डी’ एकमेकांची आरशातली रूपं आहेत. देवनागरीत अशी जोडी जवळपास नाहीच. आपल्याकडे घोळ होतो तो घ-ध, भ-म, थ-य यांचा, शिरोरेषेच्या फटीचा, आणि तो पहिलीत निम्म्या वर्गाचा होतो. (इंग्रजीतही पाच-सहा वर्षांची पुष्कळ मुलं अक्षरं उलटी काढतात, त्यांना डिस्लेक्सिया नसतो. पण सिनेमाने हे चित्र डोक्यात इतकं पक्कं बसवलंय की निघत नाही.)

दुसरा नेहमीचा प्रश्न: ‘वेलांटी-उकाराच्या चुका करतो का?’ प्रामाणिकपणे सांगा, तुम्ही करत नाही? मराठी बोलताना ऱ्हस्व-दीर्घाचा फरक आपण फारसा करतच नाही. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा हा लिहिण्याचा नियम आहे, कानाला तो ऐकू येत नाही. हा प्रश्न मुलाची ध्वनीची जाण मोजत नाही. शुद्धलेखनाचा सराव मोजतो. या चाळणीत अर्धं मंत्रालय अडकेल.

पण वेलांटीत एक खरी गंमत आहे आणि ती मात्र कोणी विचारत नाही. ‘कि’ लिहिताना वेलांटी ‘क’च्या आधी येते, उच्चारताना नंतर. डोळ्याला एक क्रम, जिभेला दुसरा. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदी वाचकांवर दाखवलं की अशा शब्दांना वाचायला जास्त वेळ लागतो. रफाराचंही तेच: ‘सूर्य’मधला ‘र्’ बोलतो आधी, बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. ज्या मुलाला ध्वनी क्रमाने लावणं जड जातं, त्याची परीक्षा इथे व्हायला हवी. ‘पहिली वेलांटी की दुसरी’ इथे नव्हे.

तिसरं म्हणजे बनावट शब्द. डिस्लेक्सियाच्या चाचणीत हे हवेतच, कारण ओळखीचा शब्द मूल पाठांतराने ओढून नेतं. पण मराठीत बनावट शब्द करणं म्हणजे पायात पाय. ‘चोमी’ वाच. ‘चोर’मधला ‘च’ लावायचा की ‘चंद्र’मधला? दोन्ही बरोबर. ‘मकरट’ हे मक-रट की मक-र-ट? कुठला ‘अ’ गिळायचा हे आपण शब्द माहीत असल्यामुळे ठरवतो, आणि इथे शब्दच माहीत नाही. तेव्हा गुण देणाऱ्याला लेखी नियम हवा की कोणकोणते उच्चार स्वीकारायचे. हा नियम साधनासोबत छापलेला नसेल तर पुण्यातला तपासनीस आणि लातूरचा तपासनीस दोन वेगळ्या चाचण्या घेत असतात.

आणि ‘क’ काढून टाकण्याचा तो प्रश्न. इंग्रजीत सुट्या ध्वनीची जाण हा वाचनाचा भक्कम अंदाज मानतात. आपली लिपी अक्षराची आहे, ध्वनीची नाही. ‘क’मध्ये ‘अ’ बसलेलाच आहे. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या कामात (२००७) दोन गोष्टी दिसल्या: अक्षरं पूर्ण आत्मसात व्हायला प्राथमिक शाळेची बरीच वर्षं जातात, आणि सुट्या ध्वनीची जाण हळूहळूच येते. मराठीची लिपी वेगळी, पण बांधणी तीच. मूळाक्षरं, बाराखडी, मग जोडाक्षरं. म्हणून पहिलीतल्या मुलाला ‘क् काढ’ म्हणून विचारलं आणि त्याला जमलं नाही, तर तो धोक्याचा इशारा नाही, तो पहिलीचा इशारा आहे. अक्षराच्या पातळीवर विचारा, आणि जोडाक्षराची परीक्षा जोडाक्षर शिकवून झाल्यावर घ्या. मेळघाटात घरी कोरकू बोलणाऱ्या मुलासाठी तर ‘शिकवून झाल्यावर’ म्हणजे नक्की कधी, हेच आधी ठरवावं लागेल.

यातूनच काळाचा मुद्दा येतो. पहिलीतल्या मुलाला चाळणी लावताना आपण आजचं वाचन मोजत नाही, भविष्य सांगत असतो. मग ते भविष्य खरं ठरलं का हे बघायला थांबायला नको? फिनलंडमधल्या युवॅस्क्युलाच्या अभ्यासात हेइकी ल्यूतिनेन यांच्या गटाने सुमारे दोनशे मुलं जन्मापासून धरली. निम्म्यांच्या घरात डिस्लेक्सिया होता, निम्म्यांच्या नव्हता. मुलं शाळेत जाऊन वाचायला लागेपर्यंत आणि त्याच्याही पुढे ते थांबले. शाळेत जाण्याआधी मुलाला किती अक्षरांची नावं येतात हा साधा प्रश्न चांगला अंदाज देतो, हे त्यातून ठामपणे सांगता आलं. आपल्याकडे पीएच.डी.ची मुदत, फेलोशिपची मुदत आणि गाइडची निवृत्ती यांत हे बसत नाही, मान्य आहे. पण मग पेपरात ‘चाळणी धोका ओळखते’ असं लिहू नये. ‘आज शिक्षक ज्यांना कच्चं म्हणतात त्यांनाच ही प्रश्नावली कच्चं म्हणते’ असं लिहावं. निदान दोन वर्षांनी त्याच शाळेत जाऊन तिसरीतली ती मुलं काय वाचतात एवढं बघता येतं. त्याला विमानाचं तिकीट लागत नाही.

आणि चाळणीत अडकल्यावर पुढे काय? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आली. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शाळेने तिसरीत किंवा आठव्या वर्षापर्यंत चाळणी करायची आणि प्रमाणपत्र आठ वर्षांनंतरच. हे योग्यच आहे, कारण आधी निदान पक्कं होत नाही. पण मग पहिलीत खूण झालेल्या मुलाच्या हातात दोन वर्षं काय असतं? प्रमाणपत्र नाही, सवलत नाही, बहुतेक ठिकाणी विशेष शिक्षक नाही. फक्त खूण असते. डीएसएम-५ सुद्धा म्हणतं की मदत देऊनही अडचण किमान सहा महिने टिकली तरच निदान करा. याचा सरळ अर्थ असा की शिकवणं हाच चाळणीचा भाग असायला हवा. दहा आठवडे सगळ्या वर्गाला नीट अक्षरं शिकवा, दर पंधरा दिवसांनी दोन मिनिटं मोजा, ज्यांची रेघ वर चढत नाही त्यांच्याकडे वळा. यात एकशे पस्तीस मुलं उगाच अडकली तरी त्यांना मिळतं ते जास्तीचं शिकवणं. शिक्का नाही मिळत.

हे सगळं मी माझ्या गाइड सरांना ऐकवलं. ते शांतपणे म्हणाले, “आणि ज्या शाळेत यातलं काहीच होणार नाही, तिथे? तिथल्या बाईंच्या हातात यादी दिलीस तर निदान मुद्दाम करतोय म्हणून मारायच्या आधी त्या एकदा विचार करतील.” यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. यादी वाचून एखादीला मागच्या बाकावरची गप्प मुलगी आठवली, तर ते कोणत्याही अल्फापेक्षा मोठं काम आहे. पण मग त्या कागदाला शिक्षक-प्रशिक्षणाची पुस्तिका म्हणूया. त्याच्या खाली बेरीज आणि उत्तीर्णरेषा कशाला?

माझ्या प्राथमिक चाचणीतलं ते शून्य मी खोडलेलं नाही. खोडलं तर तो विदेशी फेरफार ठरेल, विदा म्हणजे डेटा या अर्थाने. शेजारी टीप लिहिली आणि प्रश्न बदलला. आता ‘कमळ’च्या जागी ‘बदक’ आहे. ‘ब’ काढला की ‘दक’, लाजण्यासारखं काही नाही. गेल्या आठवड्यात पहिल्याच मुलाने विचारलं, “दक म्हणजे काय?” मी म्हटलं, काही नाही. तो म्हणाला, “मग ते कसं उरेल?”